आठ महिने रक्त नाही, त्रास नाही. तरीही कोलायटिसच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात का?

प्रश्न : शिरोली पाळी

नमस्कार. माझे वय २९. घर कोल्हापुरात कसबा बावड्यात आणि नोकरी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, तपासणी विभागात. दोन वर्षांपूर्वी शौचावाटे रक्त आणि आव पडू लागली, तेव्हा ती मूळव्याध आहे असे समजून मी चार महिने मलमावर आणि ताकावर काढले. पुढे दिवसातून आठ-नऊ वेळा पळावे लागू लागले, वजन ११ किलोंनी उतरले, हिमोग्लोबिन ८ वर आले, तेव्हा कुठे दुर्बिणीची तपासणी झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले. सूज आणि व्रण गुदाशयापासून मोठ्या आतड्याच्या डाव्या भागापर्यंत आहेत, असे अहवालात लिहिले होते. सुरुवातीला स्टिरॉइड दिले आणि ते दर आठवड्याला थोडे थोडे उतरवत बंद केले. आता मेसालामाइन १.२ ग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, एक सकाळी आणि एक रात्री, एवढेच औषध आहे.

गेले आठ महिने रक्ताचा थेंब नाही, वजन बहुतेक परत आले आहे, आणि मला खरोखरच काही झालेले नाही असे वाटते. खरे सांगायचे तर सकाळची गोळी मी न चुकता घेतो. रात्रीची मात्र, विशेषतः दुसऱ्या पाळीवरून बारा वाजता घरी आल्यावर, आठवड्यातून तीन-चार वेळा राहून जाते आणि तरीही काही बिघडलेले नाही. घरात रोज एकच विषय निघतो, की एवढ्या तरुण वयात जन्मभर गोळ्या खायच्या का. आईचे म्हणणे असे, की गंगावेशीतल्या कट्ट्यावर महिनाभर धारोष्ण दूध प्यायलो तर आतडे आतून भरून येईल. तालमीतली मुले तेच पिऊन अंग धरतात, हा तिचा दाखला.

दुसरी अडचण कामाची. आमच्याकडे शौचालय कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात, वाळू चाळण्याच्या शेडच्या पलीकडे आहे. माझ्या टेबलापासून ते १४० पावलांवर आहे. आजार भरात असताना ती पावले मी मोजली आहेत. वरिष्ठांना मी आजाराविषयी काहीही सांगितलेले नाही. तिसरी गोष्ट म्हणजे आता घरात स्थळे पाहायला सुरुवात झाली आहे आणि मुलीकडच्यांना सांगायचे की नाही यावर दोन तट पडले आहेत. आणि रस्सा, मिसळ, कांदा-लसूण चटणी हे सारे कायमचे सुटले असे समजायचे का? ज्यांनी हा आजार बरीच वर्षे सांभाळला आहे त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.


उत्तर : रंकाळा फेरी

मी निवृत्त शिक्षक आहे. मला हाच आजार २००७ पासून आहे, म्हणून तुमचा प्रश्न वाचताना मी माझेच जुने पत्र वाचतो आहे असे वाटले. तुमच्या चार प्रश्नांपैकी पहिल्यावर मी अधिक बोलेन, कारण माझे हात तिथेच पोळले आहेत.

तीन वर्षे मला एकही त्रास नव्हता. सकाळी रंकाळ्याला फेरी मारायची, शाळा करायची, रात्री घरचे जेवायचे. आजार होता याचाच विसर पडला. २०१० च्या उन्हाळ्यात मी कोणालाही न विचारता गोळ्या थांबवल्या. पहिले चार महिने काहीही झाले नाही, आणि त्यामुळे माझा निर्णय बरोबर होता अशी माझी खात्रीच पटली. दिवाळीच्या आठ दिवस आधी शौचाबरोबर किंचित रक्त दिसले; ते फराळाच्या तेलकटपणावर ढकलले. भाऊबीजेला मी रुग्णालयात सलाइनवर होतो, अंगात ताप, नाडी ११० आणि दिवसाला बारा-पंधरा वेळा रक्ताचे शौच. जे आजारपण दोन गोळ्यांवर आवरले होते त्याला शिरेतून स्टिरॉइड द्यावे लागले, आणि पुढे त्या जुन्या गोळ्या एकट्याने पुरेनात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारे अ‍ॅझाथायोप्रीन जोडावे लागले, जे आजतागायत चालू आहे. त्या औषधाचा गुण दिसायलाच दोन-तीन महिने लागतात आणि पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना हे पाहण्यासाठी रक्ताची तपासणी सुरुवातीला वारंवार आणि नंतर दर तीन महिन्यांनी करावी लागते. दोन गोळ्यांचा कंटाळा मला इतका महाग पडला.

यामागचे कारण मला नंतर डॉक्टरांनी समजावले. बरे वाटणे ही एक गोष्ट आणि आतड्याचे आतले अस्तर खरोखर भरून आलेले असणे ही दुसरी. रक्त थांबते, कळा थांबतात, भूक लागते, तरी अस्तरावर बारीक सूज रेंगाळत राहू शकते आणि तिची आपल्याला काडीमात्र जाणीव होत नाही. मेसालामाइन हे त्या अस्तराला लागूनच काम करते. ते आजार उपटून काढत नाही, दाबून धरते. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्रास शमलेल्या ९९ रुग्णांवर लक्ष ठेवले होते. ज्यांनी गोळ्या नीट घेतल्या त्यांच्यापैकी आजार शांत राहण्याचे प्रमाण सुमारे दोन वर्षांनी ८९ टक्के होते, आणि ज्यांनी हयगय केली त्यांच्यात ते ३९ टक्के. यातली हयगय म्हणजे गोळ्या पूर्ण बंद करणे नव्हे. लिहून दिलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून कमी गोळ्या दुकानातून नेलेल्यांना त्यांनी हयगय करणारे धरले होते. रात्रीच्या राहून जाणाऱ्या तुमच्या गोळ्यांचा हिशेब करा. आठवड्याच्या चौदांपैकी तुम्ही दहा-अकरा घेता, म्हणजे तुम्ही त्या दुसऱ्या गटात बसता.

यावर एक अगदी सोपा उपाय आहे. १.२ ग्रॅमच्या या प्रकारच्या गोळ्या दिवसातून एकदाच, दोन्ही एकत्र घेतल्या तरी तितक्याच लागू पडतात. डॉक्टरांना विचारून दोन्ही सकाळीच घ्या. म्हणजे पाळी कोणतीही असो, गोळी राहणार नाही. आणि आतडे खरोखर शांत आहे का हे जाणून घ्यायचे असेल तर शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी करून घ्या. दुर्बीण घालावी लागत नाही, डबीत नमुना द्यायचा असतो. त्रास नसलेल्या माणसाचा आकडा १५० च्या आत असेल तर सूज नाही असे साधारणपणे धरतात, २५० च्या पुढे गेला तर डॉक्टर सावध होतात. तुम्ही ती एकदा करा आणि मग गोळ्यांवर बोलू.

खाण्याविषयी मला माझ्याच गावाची माफी मागून बोलावे लागेल. तिखटाने हा आजार होत नाही आणि तिखट सोडल्याने तो जात नाही. आजार भरात असताना मात्र तिखट, तेलकट, चोथ्याचे आणि पुष्कळांना दूधही सोसत नाही. तेव्हा मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीची आंबील, उकडलेले बटाटे, अंडे यांवर राहावे. शांत काळात जवळजवळ सारे खाता येते, पण प्रत्येकाचे एखादे वैरी असते आणि ते शोधावे लागते. मी दोन महिने वहीत लिहीत गेलो, काय खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी काय झाले. त्यात असे निघाले, की पांढरा रस्सा मला चालतो, तांबडा अर्धी वाटी चालतो, पण मिसळीच्या कटावरची तर्री चालत नाही. कोल्हापुरात राहून मिसळ कोरडी खाणारा मी बहुधा एकटाच असेन. दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही. वही ठेवण्यामागे आणखी एक हेतू आहे. भीतीपोटी एकेक पदार्थ सोडत गेलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांचा आजार शांत होता आणि अंगात रक्त मात्र नव्हते.

धारोष्ण दुधाविषयी. म्हशीची धार समोर काढून फेसासकट पेला हातात देतात, ते दृश्य मलाही प्रिय आहे. परंतु न उकळलेल्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि आतड्याचा संसर्ग हा आजार पुन्हा उसळण्याचे निमित्त ठरतो. माझ्यासारख्या, प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्याने तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये. दूध सोसत असेल तर तेच घरी आणा, उकळा आणि प्या. आईंचे मन राहील.

एक मोजमाप मात्र पाठ करून ठेवा. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ मध्ये मांडलेले ते निकष आजही वापरात आहेत. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच, आणि त्याच्या जोडीला ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर म्हणजे साधारण १०० फॅरनहाइटच्या पुढे ताप, किंवा ९० च्या पुढे नाडी, किंवा १०.५ च्या खाली हिमोग्लोबिन, यांतले एक जरी असले तरी ते घरी निस्तरण्याचे आजारपण नव्हे. तेव्हा फोनवर सल्ला विचारत बसू नये, तडक रुग्णालयात जावे. मी भाऊबीजेपर्यंत थांबलो होतो.


उत्तर : मातीचा माणूस

वरील गृहस्थांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर राखून मला वेगळे मत मांडायचे आहे. माझ्या चुलत्यांना असाच रक्त-आवेचा त्रास होता. त्यांनी कुड्याच्या सालीचा काढा आणि ताक यांवर महिन्याभरात तो बरा केला आणि गेल्या पंधरा वर्षांत त्यांना पुन्हा काही झालेले नाही. आपल्या मातीतले औषध असताना जन्मभर गोळ्यांच्या मागे लागण्याची खरोखर गरज आहे का, हे या तरुणाने एकदा तपासून पाहावे, असे मला वाटते.


उत्तर : रंकाळा फेरी

आपल्या चुलत्यांना बरे वाटले याचा आनंद आहे. पण त्यांची दुर्बिणीची तपासणी होऊन कोलायटिस असल्याचे ठरले होते का, हे आपण लिहिलेले नाही. रक्त आणि आव अमीबाच्या संसर्गानेही पडते, जिवाणूंच्या आमांशानेही पडते; ते आजार येतात आणि उपचाराने, काही वेळा आपोआपही, कायमचे जातात. बाहेरून ते या आजारासारखेच दिसतात, म्हणून तर डॉक्टर आधी शौचाची तपासणी करतात आणि मगच स्टिरॉइडला हात लावतात; अमीबा असताना स्टिरॉइड दिले तर प्रकरण जिवावर बेतू शकते. जो आजार मुळात जाणाराच होता तो काढ्याने गेला, यावरून राहणाऱ्या आजाराचे औषध थांबवणे मला मान्य नाही. कोणाला वैद्यांचे औषध घ्यायचे असेल तर त्याने ते आपल्या डॉक्टरांना सांगून, चालू गोळ्या न थांबवता घ्यावे.


उत्तर : संगमाकाठ

मी शिरोळ तालुक्यातली. माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स आहे, म्हणजे याच कुळातला पण निराळा आजार. येथे काही वाचकांची गल्लत होऊ नये म्हणून लिहिते. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता, गुदाशयापासून वर सलग चढत जाणारा आणि आतल्या अस्तरापुरता असतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्ये मध्ये निरोगी जागा सोडून, आणि आतड्याच्या पूर्ण जाडीत शिरणारा असतो. त्यामुळे त्यात आतडे अरुंद होणे आणि भगेंद्र होणे हे प्रकार घडतात. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या तीन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले त्यांपैकी बरिल क्रोन यांचे नाव त्याला मिळाले. आमची आजी २०२० पासून त्याला करोनाच म्हणते आणि आम्ही दुरुस्त करणे सोडून दिले आहे.

भावाचे निदान व्हायला दीड वर्ष गेले, कारण लहान आतडे जिथे मोठ्याला मिळते नेमक्या त्याच जागी आपल्याकडे आतड्याचा क्षयही होतो आणि दुर्बिणीतून दोन्ही सारखेच दिसतात. नमुन्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरी शंकेपोटी आधी क्षयाची औषधे सुरू केली आणि काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. व्रण तसेच होते, तेव्हा क्रोन्स ठरला. त्या वेळी आम्ही डॉक्टरांवर फार चिडलो होतो. पण आता कळते, की क्षय असताना क्रोन्सची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली असती तर क्षय अंगभर पसरला असता. याच कारणाने इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडालिमुमॅब अशी इंजेक्शने सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात. कोणी ती टाळायला सांगितले तर ऐकू नये.

खाण्यातही फरक आहे. वर काकांनी लिहिलेले कोलायटिसला लागू असेल, पण माझ्या भावाचे आतडे एका जागी अरुंद झाले आहे. त्याला चोथ्याचे काही चालत नाही. गुऱ्हाळावर पोरांबरोबर बसून त्याने ऊस चावला, अर्धा चोथा गिळला आणि त्या रात्री पोट फुगून, उलट्या होऊन त्याला मिरजेला न्यावे लागले. शेंगदाणे, पेरूच्या बिया, कच्ची काकडी हे सारे त्याच्या ताटातून गेले आहे. एकाचे पथ्य दुसऱ्याने उचलू नये, हे मला यासाठी सांगायचे आहे. आणि क्रोन्स असलेल्याने विडी-सिगारेट ओढणे म्हणजे औषधावर पाणी ओतणे आहे. त्याने आजार बळावतो हे पक्के ठाऊक झालेले आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. भावाला अ‍ॅडालिमुमॅबचे इंजेक्शन दर चौदा दिवसांनी घ्यावे लागते आणि ते २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावे लागते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्याकडची वीज गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि घरात दोन इंजेक्शने होती. थर्मोकोलच्या मासळीच्या खोक्यात खाली बर्फ, त्यावर जाड टॉवेल, त्यावर प्लॅस्टिकच्या डब्यात इंजेक्शने अशी रचना करून वडिलांनी ते खोके ट्रॅक्टरवरून डोक्यावर धरून पाहुण्यांकडे पोहोचवले. टॉवेल मध्ये घालण्याचे कारण असे, की बर्फाला थेट टेकून इंजेक्शन गोठले तर ते वाया जाते. फ्रिजबाहेर ते किती काळ टिकते हे प्रत्येक कंपनीच्या कागदावर दिलेले असते. तो कागद आता आम्ही फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले तेव्हा आमची तयारी होती. गोळ्या घेणाऱ्यांनीही जूनच्या पहिल्या आठवड्यात महिन्याभराच्या जादा गोळ्या घरात आणून ठेवाव्यात आणि पूर ओसरल्यावर पुढचे काही आठवडे पाणी उकळूनच प्यावे.


उत्तर : औषधदुकान

माझे औषधाचे दुकान आहे, तेवढ्यापुरतेच लिहितो. कंबर धरली, दाढ दुखली, की लोक आमच्याकडे येऊन डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मागतात. आतड्याच्या या आजारात त्या वेदनाशामकांनी आजार उसळू शकतो, पॅरासिटामॉल चालते. फौंड्रीत उभ्याने काम करणाऱ्या माणसाला पाठदुखी होणारच, म्हणून मुद्दाम सांगितले. दुकानात गेल्यावर आधी आजाराचे नाव सांगावे. लाजून चालत नाही.

मेसालामाइनच्या गोळ्या चावू नयेत, मोडू नयेत, कुटून दह्यात घालू नयेत. त्यांचे आवरण पोटात नव्हे तर पुढे आतड्यात जाऊन विरघळावे असे केलेले असते. कधी कधी ते टरफल शौचात दिसते. औषध वाया गेले असे समजून घाबरू नये, मात्र अख्ख्याच गोळ्या नेहमी पडू लागल्या तर डॉक्टरांना सांगावे. वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडे ठीक आहेत ना हे पाहावे. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच काळे होते, ते रक्त नव्हे. आणि मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून स्टिरॉइड मागायला कृपया येऊ नये. ते कधी सुरू करायचे आणि कसे उतरवायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते, मध्येच एकदम बंद केले तर माणूस कोसळू शकतो.


उत्तर : माहेर राजारामपुरी

लग्नाच्या प्रश्नावर कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. मला कोलायटिस २२ व्या वर्षी झाला आणि २६ व्या वर्षी लग्न झाले. आमच्याकडेही सांगू नका म्हणणारे होते. माझ्या थोरल्या काकूंचे म्हणणे असे होते, की मुलगी पाहायला आलेल्या माणसांसमोर पोह्यांच्या बशीबरोबर संडासाचा विषय काढणार कोण. मी मुलाला एकट्याला भेटले, फाइल त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, की हा आजार संसर्गाचा नाही, यात चांगले दिवस पुष्कळ असतात, पण वाईट दिवस येणार नाहीत असे मी म्हणू शकत नाही. त्याआधीच्या एका स्थळाने याच कारणावरून नकार दिला होता. तो नकार मला लागला. पण गोळ्या देवघरातल्या फडताळात लपवून जगण्यापेक्षा तो बरा होता, हे मला माझ्या एका मैत्रिणीकडे पाहून कळते. ती सासरी चोरून गोळ्या घ्यायची, पाहुणे आले की चुकवायची, आणि वर्षभरात दोनदा तिचा आजार उसळला.

पुढची भीती मुलांची असते. आई किंवा वडिलांपैकी एकाला हा आजार असला तर मुलाला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही. आम्ही ठरवून, आजार शांत झाल्याची खात्री करून घेऊन मग मुलाचा विचार केला, कारण गर्भ राहतेवेळी आजार शांत असेल तर गरोदरपण सुरळीत जाण्याची शक्यता वाढते. मेसालामाइन मी नऊही महिने घेतले. पुरुषांसाठी एक गोष्ट माझ्या डॉक्टरांनी सांगितली होती ती येथे नोंदवते. सल्फासॅलाझिन या जुन्या औषधाने शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटते आणि औषध बदलल्यावर ती पूर्ववत होते. मेसालामाइनने सहसा तसे होत नाही. तेव्हा त्या तरुणाने या बाबतीत निश्चिंत राहावे आणि मुलीला स्वतः सांगावे, मध्यस्थाकडून नव्हे. मध्यस्थाच्या तोंडून हा आजार आतड्याचा कर्करोग होऊन पोहोचतो.

कर्करोगाचे नाव निघालेच आहे म्हणून सांगते. आतड्याचा बराच भाग अनेक वर्षे सुजलेला राहिला तर तो धोका वाढतो, हे खरे आहे. त्यासाठीच त्रास सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी दुर्बिणीची तपासणी पुन्हा करतात आणि पुढे ठरावीक अंतराने करत राहतात. माझी गेल्या वर्षी झाली. तपासणीपेक्षा आदल्या रात्रीचे ते खारट-गोड पाणी पिणे हाच खरा छळ आहे; त्यात लिंबू पिळायला परवानगी मिळाली हे माझे नशीब.

प्रवासाचेही जमवावे लागते. पुण्याला जाताना मी एसटी टाळते आणि रेल्वेनेच जाते, कारण डब्यात शौचालय असते. जोतिबाच्या यात्रेला चैत्र पौर्णिमेच्या गर्दीत जाण्याचा हट्ट मी सोडला. इतर दिवशी पहाटे जाऊन येते.


उत्तर : रंकाळा फेरी

कामाच्या जागेविषयी मी मघाशी लिहायचे विसरलो. सर्वांना सांगण्याची गरज नाही, पण पाळीप्रमुखाला आणि शेजारच्या टेबलावरच्या एका माणसाला सांगून ठेवा. मी मुख्याध्यापकांना एवढेच म्हणालो होतो, की मला आतड्याचा जुना आजार आहे, कधी वर्ग सोडून पाच मिनिटे जावे लागेल. त्यांनी माझे तास तळमजल्यावर लावले. पाच वर्षे मी ते सांगायला घाबरत होतो आणि त्यांना ऐकायला अर्धे मिनिट लागले. पिशवीत जादा अंतर्वस्त्र, कागद आणि एक काळी पिशवी ठेवा. ती आहे या भरवशावरच बहुतेक वेळा तिची गरज पडत नाही. आरोग्य विमा नव्याने घेत असाल तर आजार लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. तेवढी वाट पाहिलेली बरी. लपवले तर ऐन वेळी दावा फेटाळला जातो.


उत्तर : शिरोली पाळी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण तपासणीचा अहवाल हातात आल्यावरच लिहायचे ठरवले होते.

कॅलप्रोटेक्टिन ४१२ आले. एकही लक्षण नसताना! डॉक्टरांना मी रात्रीच्या गोळ्यांचे खरे सांगितले; ते रागावले नाहीत, फक्त मागच्या चारही भेटींत मी गोळ्या वेळेवर घेतो असे जे सांगितले होते ते त्यांनी कागदावर बोट ठेवून दाखवले. मध्यंतरी खांदा दुखत होता म्हणून मी कामावरच्या एका सोबत्याकडून घेऊन वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या होत्या, हेही औषधदुकानवाल्यांचे उत्तर वाचल्यावर आठवले. त्या गोळ्यांनीही तो आकडा चढू शकतो, असे डॉक्टर म्हणाले, म्हणून त्या बंद. आता दोन्ही गोळ्या सकाळी एकत्र घेतो आणि महिनाभर रोज रात्री मेसालामाइनचा एनिमा सांगितला आहे, कारण सूज डाव्या बाजूला आहे आणि तिथपर्यंत तो थेट पोहोचतो. बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ धरायची, जुनी चादर अंथरायची, डाव्या कुशीवर झोपायचे आणि जमेल तितका वेळ तसेच पडून राहायचे. पहिल्या रात्री दहा मिनिटांत उठावे लागले. काल सकाळपर्यंत राहिला.

पाळीप्रमुखांना सांगितले. त्यांच्या मेहुण्याला हाच आजार आहे, हे मला दोन वर्षांत ठाऊक नव्हते. माझे टेबल आता पॅकिंग विभागाच्या बाजूला हलवले आहे. तिथून शौचालय ३५ पावलांवर आहे.

स्थळांचे काम आईने तीन महिन्यांनी पुन्हा होणाऱ्या तपासणीपर्यंत थांबवले आहे. मी तसे म्हटले नव्हते, तिनेच ठरवले. गंगावेशीतून दूध आणायला मात्र ती रोज सकाळी चरवी घेऊन जातेच, आणि माझ्यासमोर तीनदा उतू जाईपर्यंत उकळते.